हर्णै बंदर, दोन जोड्या

पहिली जोडी कानात खोचून
लतीफमामू म्हणाले, "खर्ज भरपूर,
पण ओल्या पोत्यातून आल्यासारखा."

दुसरी मी दोहाहून आणलेली,
दोन पगारांची.
ते गप्प. बराच वेळ गप्प.
मग बोट वर करून:
"बाई गाण्याआधी श्वास घेते.
आणि मागे कुणाची तरी खुर्ची करकरली."

कुठली ठेवू, मी विचारलं.

दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या त्यांनी,
सोललेल्या कोळंबीच्या सालांसारख्या,
आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.
टोक पावशे नाखव्याच्या इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.

"तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह
नीट बसत नाहीये," म्हणाले,
"आणि त्या बाईच्या छातीत
त्या दिवशी कफ होता."