काळी आधी

हर्णै बंदराकडे उतरताना, बर्फाच्या कारखान्याच्या अलीकडे
आमचं दुकान: पत्रा, बाकडं,
आणि भिंतीवर अब्बासचाचांनी रंगवलेली पाटी –
गाडी बंद करा. बिडी बंद करा.
तोंडही, जमलं तर.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पाना दिला नाही.
हात मागितला.
माझी चांदीची अंगठी ओढून काढली,
खिळ्याला अडकवली,
मग स्वतःचं बोट पुढे केलं.
बोटाभोवती गुळगुळीत, पांढरं कडं. कातडीचंच.
"निकाहची होती.
पाना टर्मिनलवर, अंगठी पान्यावर, हात बॉडीला.
मोजायला वेळ मिळाला नाही.
सोनं लाल होतं हे सोनाराला माहीत असतं.
मला त्या दिवशी कळलं."

मी विचारलं, बारा व्होल्टने माणूस मरतो?
"मरत नाही. भाजतो.
मरायचं काय, एकदाच.
घास रोज उचलायचा असतो."

काढताना काळी आधी.
लावताना काळी शेवटी.
सायकलवर म्हणायचो, अंघोळीत म्हणायचो.
आईला वाटलं पोराला कोणी मंत्र दिला.
समजावून सांगितलं, तर लिलावाची टोपली उपडी करत म्हणाली,
"त्यात नवं काय रे?
शिंगाळ्याचा काटा आधी मोडायचा, मग मासा हातात घ्यायचा.
मासा मेला म्हणून काटा मरत नाही."

खारं वारं इथे कुणाला सोडत नाही.
टर्मिनलवर निळसर बुरशी फुलते,
सोड्याचं पाणी ओतलं की फसफसते, शिव्या दिल्यासारखी.
चष्मा लावायचा. जुना टूथब्रश. तोंड बाजूला.
कधी फ्यूजच्या जागी सापडते
सिगारेटच्या पाकिटातली चांदी, चोंदून भरलेली.
चाचा ती बरणीत टाकत.
"ह्या बघ, जळायच्या राहिलेल्या गाड्या."
बरणी अर्ध्यावर आली होती
तेव्हा चाचा मोतीबिंदूला रत्नागिरीस गेले.

आणि त्याच पहाटे परशा चोगले दार ठोकत आला.
पिकअपमध्ये सुरमई भरलेली, बर्फ गळतोय,
गाडी उठत नाही.
रात्रभर चार्जरला लावली होती, म्हणाला, शेड बंद करून.
दुसरी गाडी समोर उभी, जम्परच्या वायरी त्याच्या खांद्यावर,
ओठात बिडी.

शेडच्या दारातच वास आला.
नासलेल्या अंड्यांचा.
बिडी मी त्याच्या ओठांतून काढली, बाहेर, ओल्या वाळूत पुरली.
वयाने तो माझ्या बापाएवढा.
आधी भिंतीवरचं बटण, मग कुठे चिमटे.
दोन्ही दारं सताड उघडी, वाऱ्याला आत घेतलं,
आणि थांबलो.
त्याला बर्फाचं टिप टिप ऐकू येत होतं,
मलाही.

मग टॉर्च धरला. बॅटरीचं पोट फुगलेलं,
अंड्यांवर आलेल्या बोंबलासारखं.
"लाव ना जम्पर!"
नाही.
"चाचा असता तर लावला असता!"
नाही, चाचा असते तरी नाही.
ही गाडी आज उठणार नाही. मासे उतरव.

शिव्या दिल्या त्याने, माझ्या आईपर्यंत पोचलेल्या,
आणि आई तिथेच होती, क्रेट उचलायला.
दुसऱ्या गाडीत भरले एकेक. दोन क्रेट मऊ पडले.
ते पैसे परशाने आजतागायत मला ऐकवलेत.

बॅटरी गार झाल्यावर, काळी आधी,
सुटी करून अंगणात ठेवली, पोरांपासून लांब.
दिवसभर ती नुसती बसून राहिली.
संध्याकाळी परशा म्हणाला,
"बघ, काय झालं? काही तरी झालं का?"

चाचा परतले, एका डोळ्याला हिरवी पट्टी.
सगळं ऐकलं. काही बोलले नाहीत.
खिळ्यावरची माझी अंगठी काढली, फडक्याने पुसली,
परत खिळ्यालाच अडकवली,
आणि पहिल्यांदाच
त्यांचा पाना माझ्या हातात दिला.
मूठ इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली,
त्यांच्या बोटांच्या खुणांसकट.