खारोणीच्या वेशीवर

आमच्या विहिरीला लागतं ते पाणी
एकदा तोंडात धरून पाहा,
मग म्हणा, इथं समुद्र नाही.
पूर्णेच्या दोन्ही अंगांना
गोडं पाणी टँकरनं येतं, दिवसाआड,
खारं आपसूक येतं, खालून, कुणी न बोलावता.

जुनी माणसं गावठाणाला पांढरी म्हणत, शेतांना काळी.
आम्ही खारोणीचे, आमच्यात काळी म्हणजे दर्या.
चैत्रात ती भेगाळते, हात घातला तर कोपरापर्यंत जातो
आणि बोटांना ओल लागते, लाटेची.
पौषात हरभऱ्यावर आंब चढली की भरती.
मग तुरीच्या शेंड्यांवरून शिडं दिसू लागतात.

तट पांढऱ्या मातीचा, आठ हात रुंद,
वर बाभळीच्या काट्यांची झालर.
पावसाळा दरसाल त्याचं एक बोट खातो,
दरसाल आम्ही लिंपतो.
जवळ जाऊन पाहिलं तर भिंतभर बोटांचे फराटे,
कुणाचे कोणते, सांगता येत नाही.

वेशीत बसायची पंचफुला तायडे,
शेजारी मोठा रांजण, मांडीवर अडकित्ता.
अडसर माझ्या हातात.
जकात पैशात नव्हती.
"मिठाले तुह्या घरी काय म्हन्तेत, तेवढं सांग, अन् ये आत."

मेळघाट उतरून आलेला मुंगीलाल म्हणाला, बुलुम.
राजम्मा वर्धा ओलांडून आली, म्हणाली, उप्पू,
आणि लगेच विचारलं, चिंच कुठं मिळते.
लच्चू मडावी, सोवर.
शेख गफूर, नमक, वर म्हणाला, खाल्लंय तुमचं, आठवण आहे.
थावरा नाईकाची आई लूण म्हणाली आणि हसतच सुटली,
तिच्या आज्यानं तोच शब्द
बैलांच्या पाठीवरून गावोगाव विकला होता.
प्रत्येक शब्द पंचफुला रांजणात वाकून बोलायची
आणि झाकण ठेवायची.
रात्री रांजण घुमायचा. आम्हाला त्याचीच झोप लागे.

मग एका अवसेला दिवा नसलेलं गलबत आलं.
अकरा माणसं. अंगावर शेवाळाचा वास.
पंचफुलानं विचारलं. ती एकमेकांकडे पाहत राहिली.
खडा दाखवला, जिभेवर ठेवला,
तरी तशीच.
त्यांच्या भाषेत मिठाला शब्दच नव्हता.
जे डोळ्यांत, केसांत, श्वासात आहे
त्याला वेगळं नाव कोण ठेवील?

बुरुजावर बोलाचाली सुरू झाली.
"ज्याच्यापाशी मीठ नाही तो मिठाले जागंल कसा?"
असं म्हणणाऱ्याचा आजा
याच वेशीतून आत आला होता, उघड्या पायांनी,
हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोललं नाही.
"लाव रे अडसर," कुणीतरी ओरडलं.
मी लावत होतो. खोटं कशाला सांगू,
अर्धा लावलाही होता.

पंचफुला उठली.
घरातली कळशी आणली, टँकरची, परवाची, तळाला चार ओंजळी.
अकरांतल्या सगळ्यात लहान पोरीला म्हणाली, पी.
पोरगी प्यायली.
थांबली.
पुन्हा प्यायली, आणि तिच्या तोंडून काहीतरी निघालं,
एवढंसं, ओठ मिटून सुरू होणारं
आणि घशात संपणारं.

पंचफुलानं ते दोनदा म्हणवून घेतलं.
मग झाकण काढलं, वाकली.
अडसर कधी निघाला, मला आठवत नाही.

आता तट लिंपताना त्यांचे फराटे तेवढे ओळखू येतात,
बोटं लांब आहेत त्यांची.
आणि ते म्हणाले होते तशी आमची भांडणंही होतात,
मासळी वाळवण्यावरून, नळाच्या रांगेवरून.

परवा टँकरला उशीर झाला.
ऊन डोक्यावर, गुंडांची रांग मारुतीपासून वेशीपर्यंत,
आणि लांबवर धूळ दिसताच
सगळी रांग तोच शब्द ओरडली, त्या पोरीचा,
थावराची आई, गफूर, राजम्मा, मी.
अकोटचा ड्रायव्हर खाली उतरला, म्हणाला,
"काय म्हन्ता बापा तुम्ही?"

त्याला आम्ही सांगितलं. हळू.
जाताना, पाइप गुंडाळत, तो स्वतःशीच म्हणून पाहत होता.