टोपी घालण्याआधी

खालची, डावीकडची, मागून दुसरी.
चेरीच्या बीनं घात केला.
बी साबूत राहिली, दाढेचा कोपरा गेला,
आणि मी ताटलीत तो शोधत बसले
टाचणी हरवल्यासारखी.

शोप्रोनमध्ये दातांच्या डॉक्टरांना तोटा नाही.
शनिवारी ऑस्ट्रियाच्या गाड्या दवाखान्यांपुढं ओळीनं लागतात,
माणसं दात करून घेतात, कोमट सूप पितात,
अंधाराआधी सीमेपलीकडं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
दात घडवून मात्र या गावाचं भरतं.

डॉक्टर झोंबोर माझ्या लेकीपेक्षा लहान.
दाढेला बाजूनं दिवा लावून म्हणाला,
"एतेल्का नेनी, बघा, उजेड इथं अडतो."
आरशात खरंच एक रेघ होती.
रेघेच्या अलीकडं दिवस, पलीकडं तिन्हीसांज.
"म्हणजे टोपी घालणार मला," मी म्हणाले.

आता मी कोण बोलणार?
चाळीस वर्षं मी गावाला टोप्या घातल्या,
राजरोस, माप घेऊन, पावती देऊन.
पण कुणी नवी मागायला आलं
की आधी जुनी हातात घ्यायची.
वाफेवर भागत असेल तर वाफच द्यायची.
त्यानंच धंदा बुडाला, असं नवरा म्हणायचा.
तो कशात बुडाला ते जाऊ दे.

म्हणून विचारलं, "वाफेवर भागेल का?"
पोरगं जरा थांबलं. हे मला आवडलं.
"भागेल कदाचित. नुसतं भरून देतो.
दोन वर्षं टिकेल, नाहीतर पुढच्या अक्रोडापर्यंत.
कॅप बसवायची तर उरलेली चांगली दाढ
चहूबाजूंनी तासावी लागेल.
तासलेलं परत येत नाही."

डोकं तासून टोपी बसवणारा कारागीर
मी जन्मात पाहिला नाही.

मग त्यानं एक लाकडी काडी दिली दाताखाली.
"दाबा." दाबली. काही नाही.
"सोडा."
कळ थेट कानात.
"सोडतानाच दुखतं ना?" म्हणत त्यानं लिहून घेतलं.
दाबताना चीर मिटते म्हणे, सोडताना उघडते.
मला ग्राट्सची गाडी आठवली,
खिडकीतला लेकीचा हात, हातमोज्यासकट.
ते काही मी त्याला सांगितलं नाही.

आठ दिवस मागून घेतले.
आठ दिवस घेवड्याचं सूप उजव्या बाजूनं,
डावी बाजू सोवळ्यात.
रेघ मुळापर्यंत गेली तर दाढच काढावी लागेल,
हे त्याचं वाक्य रात्री जिभेला सापडायचं,
जीभ पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यावर.

बुधवारी माळ्यावरून बापाचा ठोकळा काढला,
लिंडनच्या लाकडाचा, सत्तावन्न नंबरचा.
मधोमध तडा, आणि तड्याभोवती
पिंपं करणाऱ्या शेजाऱ्यानं बसवलेलं लोखंडी कडं.
बोट फिरवलं तर कडं वर येत नव्हतं,
लाकडाशी सपाट.
म्हणजे बापानं तासलं होतं.
चहूकडून, जपून, चांगलं लाकूड.
त्यावर नंतर माझी चाळीस वर्षं वाफ गेली.

लाकडाला नस नसते, हे मला कळतं.
ठोकळा रडत नाही आणि बिलही भरत नाही.

गुरुवारी गेले ती खिशात फीत घेऊन.
"किती तासणार ते आधी दाखव," म्हटलं,
"आणि भाव आमचा लावणार की गाड्यावाल्यांचा?"
तो हसला. त्याच्याही पुढच्या दाताला
एक टवका आहे, बारीक, तसाच ठेवलेला.
विचारलं तर म्हणाला, "दुखत नाही. रेघ नाही.
याला काहीच नको."

बस, एवढंच ऐकायचं होतं.
खुर्चीत टेकले,
डोक्यावरची काढून मांडीवर ठेवली
आणि आ केला.