राखीव

माळेगावच्या माळावर, गाढवांचा बाजार जिथं संपतो
तिथं चार दिवस आमची गाडी उभी.
वर घडीचा टॉवर, मागं धडधडता जनरेटर,
आत मी, लॅपटॉप, आणि मोईजनं आणलेला
कागदातला गार भजीचा पुडा.

लाखभर माणूस येईल, म्हणाले नांदेडच्या ऑफिसात.
टॉवरवर जागा मोजक्या.
म्हणून खांबाखांबांवर वायफायचे डबे बांधले,
रसवंतीपासून कुस्तीच्या फडापर्यंत:
घर भरलं की ओसरीवर पानं मांडतात, तसे.

कोणाला कुठं बसवायचं ते मी ठरवतो.
म्हणजे मी लिहिलेल्या सात ओळी ठरवतात.
एका जागी बसून व्हिडिओ बघणारा, तो ओसरीवर.
चालत बोलणारा आत, टॉवरवर,
कारण ओसरीवर बसवलाच तर पन्नास पावलांत
हातात पान घेऊन तो आत जागा मागणार,
आणि तेव्हा जागा नसली
तर त्याचं वाक्य अर्ध्यात तुटणार.

पंगतीतून कोणाला उठवत नाहीत आमच्याकडं.
दारातल्याला म्हणता येतं, थांबा, पुढच्या पंगतीला.
घास हातात असलेल्याला नाही म्हणता येत.

म्हणून तीन पानं रिकामी ठेवली आहेत.
लोह्याकडून टेम्पो येतो, त्यात दहा माणसं,
त्यातली तीन-चार बोलत बोलतच हद्द ओलांडतात.
ती पानं त्यांची.

"सर, जागा रिकामी आन् लोक दारात. कामून?"
राखीव आहे, मी म्हणतो.
"एसटीत आमदाराची सीट अस्ती, तसं?"
तसं नाही रे.
तिथं आमदार कधीच येत नाही.
इथं कोणी ना कोणी येतंच.

दिवे लागायच्या वेळी इरबा आला, देगलूरकडचा घोडेवाला.
रसवंतीवर फोन लावला, बोलत बोलत
आमच्या गाडीला वळसा घालून निघाला.
"दात बघितलेत म्या. पाच वर्षं सांगायलाय, हाय धाचं.
आन् मागचा डावा पाय ठिवताना बघ..."
स्क्रीनवर एक निळी रेघ हिरवी झाली.
ओसरीवरून आत. राखीव तीनातलं एक पान गेलं.
त्याला काहीच कळलं नाही.
आमच्या कामाचं यश एवढंच, की कळत नाही.

त्याच सेकंदाला कोपऱ्यातला आकडा हलला.
नाकारले: ४१३.
नाव नाही, गाव नाही.

मी खिशातला फोन काढला, घरी लावला, भोकरला.
तीनदा टुक् टुक् टुक्.
नाकारले: ४१४.
तो मी होतो.
मला रेवतीला विचारायचं होतं, सिलिंडर आलं का.
चारशे चौदाव्याचं काम काय होतं, ते मला ठाऊक आहे.
चारशे तेराव्याचं कोण सांगणार?

बराच वेळ तो आकडा बघत राहिलो.
घोड्याच्या दातांसाठी दार उघडलं,
आणि कोणासाठी लावलं?

मग तिसऱ्या ओळीत तीनाचे दोन केले.
मोईजनं बघितलं, भजी खात राहिला.
दारातली गर्दी जरा हलली, आकडा जरा मंदावला,
मला बरं वाटलं. साधारण वीस मिनिटं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी
ज्या रकान्यात दिवसभर शून्य होतं तिथं एक आला.
तुटले: १.

थोड्या वेळानं दारावर थाप.
इरबा. फोन उंच धरलेला, जसा लगाम.
"साहेब, सौदा ठरायलता.
'चाळीस' म्हनला आन् गेलाच.
आता चाळीसला द्यायलाय
का चाळीसला देत न्हाई म्हनायलाय,
कसं कळावं मानसाला?"

मी दोनाचे परत तीन केले.
मग त्याला माझा फोन दिला.
त्यानं डोळे बारीक करून नंबर दाबला,
फोन कानाला लावला,
माझ्याकडं बघितलं.

हाही नवाच कॉल.
टुक् टुक् टुक्.

"थांबा," मी म्हणालो,
आणि त्याच्या शेजारी गाडीच्या पायरीवर बसलो.