सव्वादोन खोल्या

क्वार्टर सोडताना ह्यांनी टेप लावून सगळं मोजलं.
लोको शेडचा फिटर, इंचावर श्रद्धा.
भुसावळातच, पण तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या
आणि मोरीवरचा माळा, तो पाव.
कपाट भाच्याला गेलं.
बारा खुर्च्या चर्चला, त्यांच्या पाठीवर अजून ‘मकासरे’
पांढऱ्या रंगात, ह्यांच्याच हातचं.
शिवणयंत्र मी दिलं नाही.

डिसेंबर लागला तशी माळ्यावरून केळीची खोकी उतरवली,
रावेरच्या मालाची, बाजूला भोकं असलेली,
वर स्केचपेननं नाताळ एक, नाताळ दोन, असं सातपर्यंत.
‘दोन मावतील,’ हे म्हणाले.
‘तीन,’ मी म्हटलं.
मग फरशीवर बसून एकेक गोळा कागदातून काढत गेलो.
हा पिंटो ड्रायव्हरच्या बायकोचा, ते गोव्याला गेले त्या वर्षीचा.
हा तडकलाय. असू दे.
ही झालर सलोमीनं दुसरीत असताना कापलेली,
एका टोकाला रुंद, दुसऱ्याला चिंचोळी,
मध्येच जेवायला हाक मारली होती मी.
असू दे.
अशानं दोन खोकी व्हायची नाहीत.

तिकडे अंगणात सुरूचं झाड होतं.
आम्ही लावलेलं नव्हे, कुण्या साहेबाच्या काळातलं.
शेंड्यापर्यंत शंटिंगमधला रज्जाक चढायचा
आणि दर वर्षी उतरून तेच सांगायचा:
आंटी, वरून आख्खं यार्ड दिसतं.
आता यार्ड ऐकू येतं फक्त,
तेही वारा इकडचा असला तर.

‘प्लास्टिकचं घ्यावं का, दोन फुटी,’
मी जिन्यात सहज बोलले,
तर भिंतीपलीकडच्या कुमुदताई भंगाळे म्हणाल्या,
‘कायले इकत घेता वं माय, वावर ओस पडलं का?’
रविवारी त्यांच्या मुलानं यावलहून
फटफटीला आडवी बांधून आणली
एक पऱ्हाटी, मुळासकट,
वेचायचा राहिलेला कापूस तसाच बोंडांत.
तेलाच्या डब्यात वाळू भरून उभी केली शिवणयंत्रावर.
चाळीस वर्षं आम्ही झाडाला कापूस चिकटवला, बर्फ म्हणून,
दोघांनीही कधी बर्फ पाहिला नाही.
ही आपला घेऊनच आली.
ह्यांनी टेप काढली, आणि न उलगडता खिशात ठेवली.

गव्हाणी फ्रिजवर.
चार मेंढरांतली दोन बसली.
उंट मीटरच्या पेटीवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला;
मागी लोकांना तसंही उशिरा पोचायचं असतं.
बाळाखाली दादरचा कडबा.

राहिला तारा.
पाच फुटी, शेडमधल्या भंगार पट्ट्या वाकवून केलेला,
सलोमीच्या पहिल्या नाताळासाठी.
दारातून येईना, ना उभा, ना तिरपा.
आठ दिवस गच्चीच्या जिन्यात पडून होता.
मग एका संध्याकाळी ह्यांनी करवत घेतली.
मी आत कणीक मळायला गेले, लागणारही नव्हती तेवढी.
बाहेर आले तर भिंतीला टेकून अर्धा तारा,
जिलेटीन नवं, आत एक बल्ब,
आणि हे लांब उभे राहून बघतायत.
‘उरलेला पलीकडे आहे म्हणायचं,
भंगाळ्यांच्या स्वयंपाकघरात.’
कुमुदताईंना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत.
‘मंग लावा नं आनून,’ म्हणाल्या.
लावला.
त्यांच्या गॅसच्या वर, मिरच्यांच्या डब्यांशेजारी.

तेवीस तारखेला कॅरोलवाले आले.
क्वार्टरच्या अंगणात तीस जण ऐसपैस मावायचे.
इथे पायरीपायरीला एक,
पहिल्या मजल्यावरच्यांनी दारं उघडली, दुसऱ्यावरच्यांनीही,
करंज्यांचं ताट हातोहात खाली गेलं, परत आलं नाही.
ढोलकीवाला पार तळमजल्यावर अडकलेला,
त्यामुळे आमच्यापर्यंत
ताल जरा मागून पोचत होता.