शनिवार, सहा ते आठ

आर्वेद, वय त्रेसष्ट,
टार्टूजवळच्या खेड्यात छपरांवर लाकडी कौलं बसवणारा.
उजव्या खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला होता,
सप्टेंबरात शिवला. आता जानेवारी.

माझ्यासमोर तो हात उचलतो
एकशे अठरा अंशांपर्यंत,
दात आवळून, मान वाकडी करून,
तोंडी परीक्षेला उभ्या पोरासारखा.
पुरे, मी म्हणते.
तो आणखी दोन अंश वर नेतो.

म्हणून घरी पाठवताना तीन सेन्सर चिकटवले,
एक छातीच्या हाडावर, दोन दंडांवर,
काडेपेटीहून लहान.
सात दिवस. वेगळं काही करू नका, नेहमीसारखे राहा.
"हे सगळं बघणार?"
फक्त हात.
"मग ठीक."

आलेखात डावा सरपण आणतो,
डावाच कडी काढतो, कॉफी ओततो, बर्फ लोटतो.
उजवा कमरेशी, लांबून आलेल्या पाहुण्यासारखा.
खांद्याच्या वर गेला आठवड्यात अकरा वेळा,
त्यातल्या नऊ, माझा अंदाज, टोपीसाठी.
सबंध आठवडा हा माणूस
अक्षरशः हातचं राखून जगला.

आणि शनिवारी सहा ते आठ
रेघच नाही.
शून्यसुद्धा नाही.

"सॉना," तो म्हणाला. "तुमच्याच कागदावर लिहिलंय,
उष्णता चालत नाही. काढून खिडकीत ठेवले होते,
चष्म्याशेजारी."

दंडावरची पट्टी सोलली
तर खाली, डिंकात अडकलेलं,
बर्चचं एक पान. सुकलेलं, जूनमध्ये तोडलेलं,
वाफेत पुन्हा हिरवं झालेलं.
डहाळ्यांची जुडी कुणी मारली पाठीवर?
"कोण मारणार? एकटाच असतो."
कुठल्या हाताने?

त्याने दोन्ही हातांकडे पाहिलं,
दोघांपैकी चोर कोण, असं.
मग उठला, आणि नसलेली जुडी धरून
उजवा हात वर गेला, कोपर कानापाशी,
मनगट मागे, पाठीवर, सपकन,
दात न आवळता.
माझा कोनमापक ड्रॉवरमध्ये होता.

स्क्रीन विचारत होती:
अपुरी नोंद. वगळायची?

तोवर त्याने डाव्याने धरून
उजव्याला हळूच खाली आणलं होतं.
"इथे दुखतो," म्हणाला.
"तिथे गरम असतं."