दर तीस सेकंदांनी

दिवसभर मी बस चालवते. झालफेल्ड, मार्ग क्रमांक सात:
इस्पितळ, बाजारचौक, दफनभूमी, परत इस्पितळ.
(क्रम जरा विचित्र आहे, पण मार्ग मी आखलेला नाही.)
संध्याकाळी गणवेश खुंटीला लावते,
बटाटे उकडायला टाकते
आणि चौदाशे टन लाकूड घेऊन
फ्रँकेनवाल्डचा घाट चढायला बसते.

डेपोत ऊवे विचारतो, "गेझीने, आठ तास चाक धरून
मन भरत नाही का तुझं?"
चाक कुठे असतं, ऊवे?
तेच तर सांगतेय. इंजिनात हाताला चाक नसतं.
वळणं रूळ बघून घेतात.
आपण फक्त वेग द्यायचा
आणि वेळ आली की तो परत मागायचा.
परत मागणं किती अवघड,
ते ज्याने कधी उसने पैसे दिलेत त्याला विचार.

आणि घाट!
पडद्यावर ऑक्टोबर, रुळांवर भिजलेला पाला.
प्रोब्स्टत्सेला सुटलं की इंजिन
नुसतं जागच्या जागी चाकं फिरवतं,
तेलकट फरशीवरच्या वासरासारखं.
वाळूचं बटण दाबावं तर वाळू संपलेली.
कोणी संपवली? मीच, काल.
हे बरं लक्षात राहतं या खेळाच्या.
पण काल चार तास राबून
गाडी जिथे नीट उभी करून ठेवली होती,
ते मात्र पार विसरतो.
'फाइल सापडली नाही.' ठीक आहे. पुन्हा खालून.

एकदा पिवळा सिग्नल दिसला, दिसला म्हणजे चांगलाच दिसला,
पण पोच द्यायचं बटण राहिलं,
कारण आत बटाटे लागल्याचा वास आला.
इंजिनाने स्वतःच करकचून ब्रेक लावला.
गुण शून्य.
बटाटेही गेले.

कधी वैतागून पॅसेंजर गाडी घेते.
फलाटावर सहाच माणसं, सगळीकडे तीच सहा.
लाल पिशवीवाली बाई कौल्सडॉर्फला चढते
आणि पुढच्या स्टेशनवर माझ्याआधी पोचलेली असते.
सुट्ट्यांवरून वाद नाही,
"मला बघूनच दार लावलंत" नाही.
मी तिला हात करते.
ती बघत नाही. तिला मान वळवता येत नाही, बिचारीला.

पण परवा.
परवा ताशी बावीसने, मुंगीच्या पावलांनी, चढले.
मागून ढकलणारं इंजिन हाकतं ते नुसतं गणित,
तरी मी त्याला मोठ्याने "शाब्बास" म्हटलं.
माथा आला, हे काट्याच्या आधी कानाला कळतं.
मोटारींचं कण्हणं उतरत उतरत गुणगुण होतं,
आणि इतका वेळ जी लाकडं माझ्या खांद्याला लोंबत होती
ती हळूच पाठीला हात लावून म्हणतात, चल.
श्टाइनबाखला खुणेच्या खांबापासून
चाळीस सेंटिमीटरवर थांबले.
सत्त्याण्णव गुण.
उरलेले तीन कुठे गेले, ते कोणी सांगत नाही.
खालच्या मजल्यावरच्या त्सीगनबाल्गने छताला झाडू ठोकला,
कारण मी भोंगा वाजवला होता. तीनदा.

पायाखाली एक पेडल असतं.
दर तीस सेकंदांनी पाय उचलायचा, परत दाबायचा.
नाहीतर आधी दिवा लागतो, मग बाईचा आवाज: "सिफा! सिफा!"
मग गाडी आपोआप थांबते.
चालक जागा आहे, जिवंत आहे,
एवढंच तिला हवं असतं.
रात्री एक वाजता, सपाट मार्गावर,
मला आजकाल ते विचारणं खटकत नाही.
दिवसभरात दुसरं कोणी इतक्यांदा विचारतही नाही.

काल दफनभूमीच्या थांब्यावर, खऱ्या बसमध्ये,
माझा डावा पाय आपोआप उचलला गेला,
दाबला गेला. खाली काहीच नव्हतं.
आरशात पाहिलं. मागे एकट्या फ्राउ ट्रॉयबनर,
टक्क जाग्या,
मांडीवर पिशवी.
हिरवी.
मी दार लावलं.